मुलांना गणिताची गोडी: घरातले हिशेब, बाजारातले हिशेब आणि पुस्तकं

रंकाळाकाठ

मुलगी चौथीत आहे, मुलगा पहिलीत. मुलीचं गणित वाईट नाही, पण वही उघडली की चेहरा पडतो. "किती राहिलीत अजून?" एवढाच प्रश्न. हीच मुलगी गेल्या पावसाळ्यात आपणहून वजाबाक्या करत बसली होती. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढते.

जुलै उजाडला की आपल्या कोल्हापुरात प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच आकडा फिरतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आमचं दुकान व्हीनस कॉर्नरकडच्या सखल भागात. त्यामुळे घरात दिवसभर तीच चर्चा, माल वर चढवायचा की थांबायचं? मुलीनं एका जुन्या डायरीत सकाळ-संध्याकाळची पातळी लिहायला घेतली. समजा, सकाळी आठला ३६ फूट ८ इंच आणि संध्याकाळी सहाला ३८ फूट ३ इंच. करा वजाबाकी. तीनातून आठ जात नाहीत, मग एक फूट उसना घ्यायचा, आणि या उसन्याचे दहा होत नाहीत, बारा होतात! शाळेत यंत्रासारखा घेतलेला हातचा तिला तेव्हा पहिल्यांदा कळला. उत्तर १ फूट ७ इंच. म्हणजे दहा तासांत १९ इंच, ताशी जवळजवळ दोन. ३९ ला राहिले ९ इंच, म्हणजे रात्री साडेदहा-अकराला इशारा पातळी. हे तिनं बाबांना सांगितलं आणि बाबांनी त्यावरून हमालांना कधी बोलवायचं ते ठरवलं.

अंदाज दरवेळी बरोबर यायचे नाहीत. पाणी पात्राबाहेर पडून शेतांत पसरलं की तेवढ्याच पाण्यानं पातळी कमी चढते. तिनं आलेखाच्या कागदावर ठिपके जोडले तेव्हा उभी चढणारी रेघ हळूहळू आडवी होताना दिसली. "आई, पाणी थकलं," म्हणाली.

वहीतल्या उदाहरणाचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं, पुस्तकाच्या मागे छापलेलंही असतं. घरात ते कुणालाच नको असतं. पातळीचं उत्तर मात्र बाबांना हवं होतं. मला वाटतं सगळा फरक इथेच आहे. तुमच्या घरी असे कुठले खरे प्रश्न सापडले? आणि पुस्तकं कुठली वाचून दाखवता? पहिलीतल्या मुलासाठीही सुचवा.

भोगावतीकाठ

फार चांगला विषय. मी राधानगरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आमची पोरं तुमच्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहतात.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एक उघडला की १४२८ क्युसेक, ही बातमी दर पावसाळ्यात पोरं ऐकतात. क्युसेक म्हणजे काय, ते विचारलं की सगळे गप्प. सेकंदाला एक घनफूट पाणी. मग आम्ही पुठ्ठ्याची एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी केली. आत प्लास्टिकचा कागद घालून लिटरच्या मापानं पाणी ओतलं. साधारण २८ लिटर बसतं. म्हणजे दोन मध्यम घागरी. आता १४२८ गुणिले २८, झाले जवळपास ४० हजार लिटर. एका सेकंदात! दहा हजार लिटरचा टँकर पोरांनी पाहिलेला असतो. एक दरवाजा म्हणजे सेकंदाला चार टँकर. हे कळल्यावर वर्ग दोन मिनिटं नुसता ओरडत होता, आणि नंतर "पाच दरवाजे उघडले तर?", "मिनिटाला किती?", "आपल्या शाळेची टाकी किती वेळात भरेल?" असे प्रश्न त्यांचेच सुरू झाले. मला फळ्यावर एकही उदाहरण घालावं लागलं नाही.

दुसरी खाण म्हणजे दूध संस्थेची पावती. आमच्याकडे निम्म्या घरांत म्हैस. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, सगळं दशांश चिन्हात. शहरातल्या हुशार मुलांचंही इथे चुकतं. ६.४५ मोठे की ६.५, विचारलं तर ६.४५ सांगतात, कारण ४५ पाचापेक्षा मोठे. संस्थेत दूध घालायला जाणाऱ्या पोरीचं हे चुकत नाही. फॅट ६.५ वरून ६.४५ वर आली की घरात विचारणा होते, "पेंड बदललीस काय गं?" दहा दिवसांचं बिल आलं की मी पोरांना सांगतो, घरी बिल जमवा, वर्गात ताडून बघू. एकदा एका आजोबांनी चौथीतल्या नातवाकडून पूर्ण बिल तपासून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन सांगून गेले.

निळी_शाई

वाचायला छान वाटतंय. पण एक विचारतो, राग नसावा. माझा मुलगा यंदा शिष्यवृत्ती परीक्षेला बसतोय. तिथे वेळ मोजून असतो. धरण आणि म्हैस करता करता पाढे राहिले तर? आमच्या ओळखीत एक मुलगी आहे, गणिताच्या गोष्टी फार आवडतात, पण सात आठे किती म्हटलं की बोटं मोजते. गोडी हवी, मान्य. पाठांतर नको असं मात्र कुणी म्हणू नये.

मंगळवार_पेठेतली_आजी

निळी_शाई, पाठांतर हवंच बाळा. आम्ही तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, हे पाव-अर्ध्याचे पाढे सगळे म्हटले. सात पाऊणे सव्वापाच, पाच अडीचे साडेबारा. आजही भाजीवाल्याच्या आधी माझा हिशेब होतो. पण आम्हाला ते का यायचं? रोज लागायचं म्हणून. पावशेर, अदपाव, सव्वा वार कापड, सगळीकडे पाव नि पाऊणच. आता नातवाला अपूर्णांक वहीत भेटतो आणि ताटातली चतकोर भाकरी त्याला अपूर्णांक वाटत नाही. मी भाकरी वाढतानाच विचारते, "तुला पाऊण, ताईला अर्धी, मला चतकोर, तर किती थापू?" दीड. मग तो म्हणतो, दोन थाप, उरलेली अर्धी मी खातो.

रांगोळीचं सांगते. सात ते चार ठिपके काढायचे. मधली ओळ सातची, दोन्ही बाजूंना सहा, पाच, चार. नातीला विचारलं, ठिपके किती? तिनं ओळी मिळवल्या. ४, ५, ६, ७, ६, ५, ४, झाले ३७. मग मी तिला मधला एक ठिपका दाखवला, त्याच्याभोवती सहांचं कडं, त्याभोवती बाराचं, त्याभोवती अठराचं. १, ६, १२, १८. पुन्हा ३७! ती उठून नाचायला लागली. पुढचं कडं कितीचं, हे तिनं न काढता सांगितलं. सहाचा पाढा असा अंगणात बसला. दुसऱ्या दिवशी ओळींत १, ३, ५, ७, ५, ३, १ ठिपके मांडले. २५ आले. जरा तिरक्या नजरेनं बघितलं की त्यात चाराचा चौरस आणि तिनाचा चौरस एकमेकांत बसलेले दिसतात. सोळा आणि नऊ.

आणि पाऊस असला की चल्लस-आठ. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडायचे, आतली बाजू पांढरी, बाहेरची काळी. चार चिंचोके टाकायचे. चारी काळे पडले की आमच्यात आठ. पोरं म्हणतात, "आजी, आठ पडतच नाही!" थोरला नातू कॉलेजात आहे, त्यानं त्यांना कागदावर रेघा मारायला लावल्या. किती वेळा शून्य पांढरे, किती वेळा एक, दोन, तीन, चार. दोन पांढरे सगळ्यांत जास्त येतात. मग त्यानं चारी चिंचोक्यांना वेगळे रंग देऊन सोळा तऱ्हा मांडून दाखवल्या. एकही पांढरा नाही, ती एकच तऱ्हा. एक पांढरा, चार तऱ्हा. दोन पांढरे, सहा. पुन्हा चार, पुन्हा एक. त्यानं सांगितलं की चिंचोका दोन्ही अंगांना सारखा पडत असेल तरच हे जुळतं, कवडीचं वेगळं, ते टाकूनच बघायला लागतं. पोरं आता कवड्यांचा तक्ता करतायत.

शिव_आणि_बांध

आज्जी, लई भारी! मी भूमापनातनं निवृत्त झालोय, म्हणून माझी भर जमिनीची.

गुंठा हा शब्द कोल्हापुरात दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक. पण गुंठा केवढा असतो ते बघितलेलं पोर सापडणं कठीण. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे की एकर. सुट्टीत भावकीतली पोरं जमली की मी काथ्याची दोरी घेऊन ३३ फूट मोजायला लावतो, चार खुंट्या ठोकून चौरस आखायला लावतो. काटकोन कसा धरायचा? दोरीला सारख्या अंतरावर बारा खुणा, ३, ४ आणि ५ च्या बाजू ताणल्या की काटकोन आपोआप. शाळेत वरच्या वर्गांत जो पायथागोरसचा सिद्धांत म्हणून येतो, तो इथे आठ वर्षांच्या पोराच्या हातात असतो.

मग खरी गंमत. चौरसाभोवतीची दोरी १३२ फूट. तीच दोरी ठेवून रान लांबट करा. ४० बाय २६ केलं, १०४० चौरस फूट. ५० बाय १६, आठशे. ६० बाय ६, फक्त ३६०. कुंपण तेवढंच, रान तिसऱ्या हिश्श्याएवढं! वाटणीत "चारी बाजू मिळून सारख्याच की" असं ऐकून फसणारे मोठे लोक मी नोकरीत बघितलेत. म्हणून पोरांनी हे पायांनी चालून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणि त्या १०८९ ची एक करामत. तीन अंकी संख्या घ्या, पहिल्या आणि शेवटच्या अंकात निदान दोनचा फरक असावा. समजा ७४२. उलटी करा, २४७. मोठीतून लहान वजा करा, ४९५. ही उलटी करा, ५९४. आता दोन्ही मिळवा. १०८९! कुठलीही घ्या, एक गुंठाच येतो. कारण पहिली वजाबाकी नेहमी ९९ च्या पाढ्यातली असते, १९८, २९७, ३९६ अशी. तिथे मधला अंक कायम ९ आणि कडेचे दोन मिळून ९. पण हे कारण लगेच सांगू नका, पोरांना शोधू द्या.

रंकाळाकाठ

काका, मुलीनं कालपासून पाहुण्यारावळ्यांपैकी कुणाला सोडलेलं नाही. "कुठलीही संख्या मनात धरा, मी त्यातून गुंठा काढते!" आणि वजाबाकी दरवेळी स्वतः करते. निळी_शाई, एका संध्याकाळी तिनं हातच्याच्या इतक्या वजाबाक्या केल्यात की सरावाच्या वहीतून मी एवढ्या कधी करून घेऊ शकले नसते. सराव हवाच, पण तो कशाच्या पोटी येतो हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुस्तकांची_पेटी

पुस्तकांबद्दल मी लिहिते, पेठेत घरी मुलांसाठी छोटं वाचनालय चालवते.

मराठीत मंगला नारळीकरांची 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' ही दोन पुस्तकं आधी घ्या. त्या स्वतः गणितज्ञ होत्या, आणि तरी मुलांशी बोलताना वरून बोलत नाहीत. (त्यांचे पती, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. हे सांगितलं की आमच्या मुलांचे कान टवकारतात.) ही पुस्तकं सलग वाचून संपवायची नसतात. एक प्रश्न आला की पुस्तक मिटायचं, दोन दिवस गेले तरी चालतील. उत्तराचं पान उलटण्याची घाई बहुतेक वेळा आपल्यालाच असते.

गणित करणाऱ्या माणसांच्या गोष्टीही सांगा. दत्तात्रय कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. मोठं पद नाही, विद्यापीठ नाही, संख्यांशी खेळायचा छंद. त्यांनी सापडवलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावानं ओळखतात. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक एकसारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं ५४३२, चढत्या क्रमानं २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच, ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आलं ६१७४. इथून पुढे कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. शिव_आणि_बांध काकांच्या १०८९ नंतर लगेच हे द्या.

आणि थोड्या मोठ्यांना भास्कराचार्यांची 'लीलावती'. ११५० सालचा ग्रंथ, पण त्यातले भुंगे आजही उडतात. थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा हवेतच घुटमळतोय. तर थवा केवढा? समीकरण न येणारी मुलं सुद्धा सोडवतात. पाच आणि तीन दोघांनीही भाग जायला हवा, मग १५ करून बघू. तीन, पाच, सहा आणि एक. जमलं!

पहिलीतल्या मुलासाठी वेगळं गणिताचं पुस्तक लागतच नाही. स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा फुकट आहेत, अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही भरपूर मराठी पुस्तकं आहेत. कुठलंही भरगच्च चित्र घ्या, "किती बदकं?" एवढं विचारून थांबू नका, "कशी मोजलीस?" विचारा. कुणी दोन-दोनानं मोजतं, कुणी रंगानं गट पाडतं. त्या एका प्रश्नानं मूल बोलायला लागतं. आणि करवीर नगर वाचन मंदिरात मुलांना एकदा घेऊन जा. १८५० ची संस्था आहे. आज तिला किती वर्षं झाली, हे दारातच तोंडी काढायला लावा.

महाद्वारचा

एक आपल्या गावचंच. अंबाबाईचा किरणोत्सव. देवी पश्चिमाभिमुख, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरण, मग कंबर, मग मुख. वर्षातून दोनदाच का आणि याच तारखांना का, असं माझ्या सहावीतल्या पुतणीनं विचारलं.

आम्ही दिनदर्शिका घेऊन बसलो. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस. २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. मध्यभागी वर्षातला सगळ्यांत लहान दिवस! मावळतीची जागा तोवर दक्षिणेकडे सरकते, मग वळून परत येते, आणि येताना त्याच खुणेवरून जाते. पुतणीनं घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून भिंतीवर पडणाऱ्या उन्हाची कड पेन्सिलीनं आखून शेजारी तारीख लिहायला सुरुवात केली. तिच्या लक्षात आलं की डिसेंबरात रेघा अगदी जवळजवळ पडतात आणि फेब्रुवारीत लांब-लांब. आता ती मोजपट्टीनं अंतरं घेते. भिंत खराब झाली म्हणून वहिनी रागावल्या, पण पुसलेली नाही अजून.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. पाढ्यांचा अर्धा तास मी सोडणार नाही, ते मत कायम. पण मुलाला दूध पावतीचं उदाहरण घातलं तर त्याचं ६.४५ चं उत्तर तेच आलं, जे भोगावतीकाठ यांनी लिहिलंय. आमच्याकडे म्हैस नाही. शहरात दशांशाला काय वापरायचं?

भोगावतीकाठ

पेट्रोल पंप. आकडा पळताना दशांशाच्या पुढची घरं त्याला दिसतील. किंवा सराफाच्या दुकानातला काटा. गुजरीतून जाताना विचारा, ६.४५ ग्रॅमची अंगठी महाग की ६.५ ग्रॅमची?

सहावी_आणि_मी

थोडं अवांतर. मुलगा सातवीत गेलाय (आयडी जुना झाला!) आणि ऋण संख्यांपाशी अडलाय. शिकवणीत सगळे नियम पाठ करून घेतलेत, ऋण गुणिले ऋण धन वगैरे. म्हणतो खरं, पण विश्वास बसलेला नाही. "उगाच ठरवलंय त्यांनी," असं त्याचं म्हणणं. रोज रात्री यावरून घरात चिडचिड. वरच्या कुठल्या गोष्टीनं हे सुटेल का?

भोगावतीकाठ

सुटेल. धागा जिथून सुरू झाला तीच पाणीपातळी घ्या. ३९ फुटांना शून्य म्हणा. ४३ म्हणजे धन ४. ३६ म्हणजे ऋण ३. नदी ऋण ३ वरून धन ४ ला गेली तर किती चढली? सात. हे तो रेघ काढून लगेच सांगेल, चिन्हांचा नियम न आठवता.

आता गुणाकार. पाणी ताशी २ इंच चढतंय, तर धन २. उतरतंय, तर ऋण २. पुढचे तास धन, मागचे तास ऋण. आत्ता पातळी बरोबर ३९, म्हणजे शून्य. पाणी उतरतंय, ताशी २ इंच. तीन तासांनी कुठे असेल? सहा इंच खाली. ऋण २ गुणिले धन ३, ऋण ६. आणि तीन तासांपूर्वी कुठे होतं? त्याला स्वतःला सांगू द्या, घाई करू नका. उतरणारं पाणी तीन तासांपूर्वी वरच असणार की! सहा इंच वर. ऋण २ गुणिले ऋण ३, धन ६.

चढणाऱ्या पाण्याचा मागचा हिशेब राहिला, तो त्यालाच घाला.